माझा धाकटा मंत्री

आमच्या कॅप्टनने पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, विषय विचारला नाही. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटच्या दारात तो दोन बॅगा घेऊन उभा होता. बाहेर ऑगस्टचं ऊन, कपाळावर घाम, आणि शर्टाला मात्र एक सुरकुती नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्याने विचारलं, "तुझा जन्म कधीचा?" मी पासपोर्टवरची तारीख सांगितली, एक जून, आणि साल सांगितलं. त्याने मनात कसलासा हिशेब केला, बॅगा खाली ठेवल्या, टाचा जुळवल्या आणि जोडलेले हात नाकाच्या शेंड्यापर्यंत नेऊन मान लववली. तो माझ्याच वर्षातला, पण ऑगस्टचा निघाला होता. म्हणजे मी थोरला आणि तो धाकटा, हे तिथल्या तिथे ठरून गेलं.

थाई माणसांना समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान हे कळल्याशिवाय धड बोलताच येत नाही. हाक कोणत्या शब्दाने मारायची, नमस्कार आधी कोणी करायचा, जेवायला आधी कोणी बसायचं, सगळं त्यावर. "थोरल्या भावाला तुमच्यात काय म्हणतात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "दादा." त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने मला दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारलेली नाही. त्याचं स्वतःचं नाव इतकं लांबलचक होतं की आम्ही पहिल्याच दिवशी नाद सोडला. तो थाई लष्कराच्या इंजिनिअर दलात कॅप्टन होता, लष्कराच्या खर्चाने शिकायला आला होता, म्हणून कॅप्टन.

एक जून ही तारीख वाचून आपल्यातले बरेच जण गालात हसले असतील. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांना हेडमास्तरांनी एक जूनला जन्माला घातलंय. पोरगं शाळेत बसवण्याजोगं दिसलं की तारीख पडलीच. मी खरा दिवाळीतला. पण कोणी जन्मतारीख विचारली की कागदावरची सांगायची ही सवय इतकी अंगात मुरलेली, की त्या क्षणी खरी तारीख मला आठवलीही नाही.

थोरलेपणाचं कौतुक आठवडाभर टिकलं, मग जबाबदाऱ्या सुरू झाल्या. घरमालकाशी भांडायचं असलं की, "दादा, तू बोल." प्रोफेसरकडे मुदत मागायची असली की, "दादा, आधी तू जा." पिझ्झा आला की हा हात मांडीवर ठेवून शांत बसायचा, कारण थोरला समोर असताना धाकट्याने पाकीट काढणं म्हणजे थोरल्याचा अपमान. त्याला लष्कराचा पगार चालू होता आणि मी स्टायपेंडवर दिवस काढत होतो, तरी अपमान माझाच व्हायचा होता. हे मी त्याला एकदा सुनावलं. तो मनापासून हळहळला आणि त्याने मला आणखी एक स्लाइस वाढली.

त्याची इस्त्री हे एक वेगळंच प्रकरण होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, अंगावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, तरी सकाळी उठून आतल्या शर्टाला कडक इस्त्री. मी म्हटलं, "अरे, कोण बघणार आहे?" तो म्हणाला, "कोणी नाही. पण मी ताठ बसतो." आणि खरंच ताठ बसायचा. कॅम्पस बसमध्ये आम्ही सगळे पोत्यासारखे पडलेले असायचो आणि हा एकटा असा बसायचा की आम्ही उतरताना ड्रायव्हर त्यालाच "हॅव अ गुड डे, सर" म्हणायचा. आम्हाला नुसतंच हॅव अ गुड डे.

त्याच्या दुसऱ्या बॅगेत कपडे कमी आणि दगडी खलबत्ता होता. विमानाने खलबत्ता आणणारा माणूस म्हणून आम्ही त्याची खूप टर उडवली. मी नागपूरहून मिक्सर आणला होता, आईने जुन्या साड्यांत गुंडाळून दिलेला. तो इथल्या निम्म्या दाबाच्या विजेवर रांगायचा. खोबरं टाकलं की तासाभराने खोबरंच निघायचं. महिन्याभरात आमच्या सगळ्या चटण्या कॅप्टनच्या खलबत्त्यात कुटल्या जाऊ लागल्या. तो मिरची, लसूण, शेंगदाणे कुटायचा आणि मी बाजूला उभा राहून "आता बास" म्हणायचो. पुढे आमच्या घरी कोणी जेवायला आलं की विचारायचं, "ती कॅप्टनची चटणी आहे का?" चटणी माझ्या आजीची, कृती माझी, आणि नाव त्याचं.

केसही तोच कापायचा. फुकट, आणि एकाच पद्धतीने. त्या वर्षी स्टेट कॉलेजमधली सगळी भारतीय मुलं कुठल्यातरी छावणीतून सुटून आल्यासारखी हिंडत होती. नेमका त्याच सुमारास आईने स्थळांसाठी फोटो मागवला. मी बारीक भादरलेल्या डोक्याचा फोटो पाठवला आणि मंजिरीच्या वडिलांना मुलगा फारच शिस्तीचा वाटला. लग्नानंतर महिन्याभरात मंजिरीच्या लक्षात आलं की शिस्त फोटोपुरतीच होती. ती इथे आली तेव्हा कॅप्टनचे शेवटचे काही महिने उरले होते. त्याचा नमस्कार, त्याची इस्त्री, त्याचं भांडी घासणं बघून ती मला म्हणाली, "यार, फोटोतला माणूस हाच होता ना?" ती गंमत होती. मी हसलो. तीस वर्षं झाली, अजून विसरलेलो नाही.

पण माझ्या पोटात खरं दुखायला लागलं ते आणखी आधी, अभ्यासातून. आम्ही दोघंही पाण्याचं शास्त्र शिकत होतो. पूर कसा चढतो, किती वेळात ओसरतो, पूल किती उंच हवा. माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. मी लहानपणापासून कालवे आणि गेट बघत वाढलो. शिकून परत जायचं आणि धरणावर काम करायचं, हे मी ठरवलेलं होतं. गणित माझं त्याच्यापेक्षा कितीतरी पक्कं होतं. एकदा प्रोफेसरनी आम्हाला गावाबाहेरच्या एका ओढ्यावर काम दिलं. मी चार दिवस कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून देखणं मॉडेल उभं केलं. कॅप्टन म्हणाला, "आधी जाऊन बघू." आणि बर्फ वितळायच्या दिवसांत गमबूट घालून ओढ्याकाठी जाऊन उभा राहिला. एकदा नाही, रोज. शेवटी त्याने शोधून काढलं की पुलाखाली एक मोठं झाड अडकलंय आणि पाणी चढतं ते त्याच्यामुळे. माझ्या मॉडेलात झाड नव्हतं. प्रोफेसर वर्गात म्हणाले, "कॅप्टनकडून शिका." मी त्या दिवशी घरी येऊन त्याच्याशी बोललो नाही. त्याला कारण कळलं नाही, त्याने माझ्यासाठी चहा करून ठेवला.

पदवीदान समारंभाला आई आणि अण्णा आले. आईला इंग्रजी जेमतेम आणि कॅप्टनला मराठीतले चारच शब्द, पण दुसऱ्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात तिच्या मागे मागे. ती माझं बालपण सांगत होती आणि मंजिरी भाषांतर करत होती. बोलता बोलता आई म्हणाली, "हा झाला तेव्हा बाहेर फटाके वाजत होते, लक्ष्मीपूजनाचा दिवस." कॅप्टनने विचारलं, लक्ष्मीपूजन कधी असतं? मंजिरीने सांगितलं, ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याच्या हातातला चमचा थांबला. तो ऑगस्टचा. मी हेडमास्तरांची गोष्ट सांगितली तेव्हा तो टेबलाला धरून हसला. मी म्हटलं, "म्हणजे मी धाकटा. आजपासून तू दादा." त्याने मान हलवली. "दादा, एकदा ठोकलेला सलाम परत घेता येत नाही. आमच्याकडे तशी सोय नाही." म्हणजे ज्या एकाच गोष्टीत मी त्याच्या वर होतो, तीही त्याने मला दिलेली होती.

अण्णा आणि तो अपार्टमेंटमागच्या मोकळ्या जागेत काडीने मातीत बांध आणि सांडवे काढत बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि कोणाचंही काही अडत नव्हतं. अण्णा वर आले आणि मला म्हणाले, "हा परत जाणार ना?" मी म्हटलं, "हो, त्याला जावंच लागेल." "आणि तू?" मी म्हटलं, "एक-दोन वर्षं अनुभव घेतो, मग येतो." एक-दोन वर्षं म्हणजे किती, हे अमेरिकेतल्या मराठी माणसाला सांगायची गरज नाही.

कॅप्टन गेला. जाताना खलबत्ता मंजिरीला देऊन गेला. मी त्या वेळी सगळे जिकडे जात होते तिकडे गेलो, सॉफ्टवेअरमध्ये. आधी न्यू जर्सी, मग नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिल. एका विमा कंपनीत मी घरांचे दावे तपासणारी सिस्टिम सांभाळायचो. पुरात कोणाचं तळघर बुडालं की त्याचा आकडा माझ्या स्क्रीनवरून जायचा. पाण्याशी माझा संबंध राहिला तो एवढाच.

तिकडे तो चढत होता. दर एक जूनला त्याची न चुकता मेल यायची, दादाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली दोन ओळी. यंदा मेजर झालो. यंदा डोंगरातल्या गावाला पूल बांधला, आता मुलं चालत शाळेत जातात. यंदा कर्नल. मी उत्तरात लिहायचो की आम्ही घरामागे ओट्यासारखा नवीन लाकडी डेक करून घेतला. एकदा त्याने फोटो पाठवला, कमरेएवढ्या पाण्यात उभा, पँट भिजलेली, मागे होडीत म्हाताऱ्या बायका. मी तो फोटो मोठा करून पाहिला. शर्टाला इस्त्री होती. हे आयुष्य माझं होतं, असं मला वाटायचं. मी ते इथे एक-दोन वर्षांसाठी बाजूला ठेवलं आणि दुसऱ्यानेच उचलून नेलं. तो जनरल झाला तेव्हा अण्णा नव्हते. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, बरं झालं नव्हते.

मग लष्करातून बाहेर पडून तो मंत्री झाला. पूर, धरणं, कालवे पाहणारं खातं. मी आतून जळत होतो आणि बाहेर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, किराणा दुकानात कोथिंबीर निवडताना, कोणीही विचारलं नसताना, "आमचा रूममेट तिकडे मिनिस्टर आहे, मला दादा म्हणतो." आमची मुलगी सई वकील आहे, ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले लढते. ती एवढंच म्हणाली, "बाबा, डिड एनीबडी व्होट फॉर हिम?" कोणी मत दिलं का त्याला? तिच्या आवाजात नाराजी होती. मी तिला म्हटलं, तिकडचं राजकारण वेगळं असतं. पण तिचा प्रश्न मला आवडला, आणि का आवडला हेही मला चांगलं ठाऊक होतं.

या वर्षी फेब्रुवारीत मला कंपनीने काढलं. सकाळी सगळ्या टीमला मीटिंगचं बोलावणं, स्क्रीनवर एक अनोळखी बाई, आणि कॉफी संपायच्या आत सगळं आटोपलं. साठी उलटल्यावर दुसरी नोकरी कोण देतो? मंजिरीला सांगितलं. सईला नाही. मंडळात तर नाहीच. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "वर्क फ्रॉम होम चाललंय," आणि विषय बदलायचो. रोज सकाळी दाढी करून टेबलाशी बसायचो आणि बातम्या वाचायचो. सगळ्यांना वाटत होतं मी नोकरीवर आहे, आणि तसंच वाटत राहावं यासाठी माझी दिवसभर धडपड चालायची.

असंच मार्चमध्ये वाचता वाचता दिसलं की तिकडे मंत्रिमंडळ बदललं आणि कॅप्टनला वगळलं. मी ती बातमी दोनदा वाचली. मग उठलो, आलं किसून चहा केला, आणि बऱ्याच दिवसांनी मला त्याची चव लागली. मंजिरी म्हणाली, "काय रे, आज स्वारी खुशीत?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन छान पडलंय." आठवडाभर मी त्या आनंदात होतो. मग फोन आला. "दादा, मी येऊ का? बायको म्हणते घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस. आणि आमच्यात धाकट्याचं काही बिनसलं की तो थोरल्याकडे जातो." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. माझंही बिनसलंय हे सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही.

तो आला तेव्हा पाइनचे परागकण उडत होते, सगळ्या गाड्या पिवळ्याजर्द झालेल्या. एअरपोर्टवर एकटाच, एक बॅग, केस पांढरे आणि तितकेच बारीक. भर गर्दीत त्याने टाचा जुळवून मला नमस्कार केला आणि लोक मी कोण आहे ते बघू लागले. मला वाटलं होतं तो खचलेला असेल. मी समजूत घालायची वाक्यंही जुळवून ठेवली होती. गाडीत बसल्यावर मी हळूच म्हटलं, "फार वाईट झालं." तो म्हणाला, "वाईट झालं. रडलो पण. मग झोपलो. दादा, भूक लागलीय." माझी बाकीची वाक्यं वाया गेली.

आमच्या घरामागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, इथल्या प्रत्येक वसाहतीत असतं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "जाऊन बघू." मी या घरात इतकी वर्षं राहतोय आणि त्या तळ्यापर्यंत कधी गेलो नव्हतो. पाणी बाहेर जायच्या जाळीत फांद्या, पानं आणि कोणाचा तरी फुटबॉल अडकला होता. आम्ही दोन साठीचे इसम चिखलात उतरून ते ओढत बसलो. सोसायटीची एक बाई कुत्रा घेऊन आली आणि तुम्ही कोणत्या कंपनीकडून आलात म्हणून विचारू लागली. कॅप्टन म्हणाला, "कोणत्याच नाही." मीही त्याच्या मागोमाग तेच म्हटलं. ती बाई माझ्या ओळखीची नव्हती, म्हणून म्हणू शकलो.

शनिवारी सई डरहॅमहून आली. जेवणं झाल्यावर तिने त्याला सरळ विचारलं, लोकांनी निवडून न देता मंत्री होणं तुम्हाला पटलं का? मंजिरीने मला टेबलाखालून पाय मारला. मी पाय बाजूला घेतला, मला उत्तर हवं होतं. "याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही," कॅप्टन म्हणाला. "मला बोलावलं आणि मला ते काम हवं होतं. फार हवं होतं. लोकांनी मला निवडलं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे रोज जायचो. ते पुरेसं नसतं, मला माहीत आहे." सई त्याच्याशी वाद घालत राहिली आणि तो ऐकत राहिला. मग दोघंही भांडी घासायला उठली. इतका वेळ ती माझ्याशी शेवटचं कधी बोलली, हे मी आठवत बसलो.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा पाडवा होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला. इतकी वर्षं मी गाजवलेला मिनिस्टर प्रत्यक्ष आल्यामुळे लोक फोटो काढायला पुढे आले. "मिनिस्टरसाहेब, इकडे बसा." कॅप्टन हात जोडून प्रत्येकाला तेच सांगत होता, "होतो. आता नाही. मागच्या महिन्यात काढलं." कोणी चुकचुकलं, कोणी कारण विचारलं. "कारण सांगत नाहीत," तो म्हणाला आणि पुन्हा श्रीखंड घेतलं. मी त्याच्या शेजारी बसून ऐकत होतो. काढलं हा शब्द तो असा उच्चारत होता, जणू मीठ पुढे सरकवा म्हणतोय. इतकी वर्षं मी त्याच्या पदांवर जळलो, पण त्या क्षणी मला त्याच्या तोंडातल्या त्या एका शब्दाचा जेवढा हेवा वाटला तेवढा कशाचाच वाटला नव्हता.

तेवढ्यात केतकी आली. पुण्याची, नुकतीच लग्न होऊन आलेली, भाऊ ऑस्टिनमध्ये नोकरी शोधत होता. "काका, मी त्याचा रेझ्युमे पाठवला होता ना तुम्हाला? तुम्ही रेफर करतो म्हणाला होतात. काही अपडेट? त्याचा व्हिसाचा इश्यू आहे हो, वेळ फार कमी आहे." मी तिला दोनदा "बघतो" म्हटलं होतं. तिसऱ्यांदाही म्हणता आलं असतं. समोर सई होती, आजूबाजूला ओळखीची सगळी टेबलं. शेजारी कॅप्टन वाटी पुसून खात होता.

"केतकी, मी नाही गं तिथे आता," मी म्हटलं. "मलाही काढलं. त्याला दुसरीकडे बघायला सांग, माझ्या भरवशावर थांबू नकोस."

केतकी "सॉरी काका, मला माहीत नव्हतं" म्हणाली. कॅप्टनला मराठी कळलं नाही, पण चेहरे कळले. "काय झालं?" मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. "कधी?"

"फेब्रुवारीत."

"मला मार्चमध्ये," तो म्हणाला, विचारात पडला, आणि मग उभा राहून टाचा जुळवून त्याने मला वाकून नमस्कार केला. "बरोबर आहे. दादा आधी."

सगळं टेबल हसलं. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सई हसली नाही. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यू कुड हॅव टोल्ड मी, बाबा." तिचा हात माझ्या खांद्यावर होता. घरी जाईपर्यंत मला आणखी दोघांनी कोपऱ्यात गाठून सांगितलं की त्यांचीही नोकरी गेलीय, कोणाला बोलू नका.

त्यानंतर तो आणखी दहा-बारा दिवस राहिला आणि ते दिवस फार चांगले गेले. आम्ही दोघं बिनकामाचे. सकाळी चालायला जायचो, दुपारी कैरी मीठ-तिखट लावून खायचो, वसाहतीतली सगळी तळी पाहून झाली. त्याने माझे केस कापले आणि मंजिरीने फोटो काढला. त्या दिवसांत मला त्याचा हेवा वाटला नाही. हेवा वाटावा असं त्याच्याकडे काही नव्हतंच, आणि माझ्याकडेही. एअरपोर्टवर सोडताना मी म्हटलं, आता निवांत राहा. तो म्हणाला, "बघू." त्या शब्दावर मी विश्वास ठेवायला नको होता.

पावसाळा संपता संपता तिकडे पुन्हा उलथापालथ झाली. आमची संध्याकाळ, त्याची सकाळ. फोन आला. "दादा, परत बोलावतायत. आधीपेक्षा मोठं खातं. घेऊ का?" हे विचारायची त्याला काही गरज नव्हती, आणि त्याला ते माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मला वाटलं, नको म्हणावं. त्याने ऐकलं असतं. म्हणावं, ये इकडे, तळी अजून बाकी आहेत. पदाचं मला काही वाटलं नाही. पण आता पुन्हा त्याच्याभोवती माणसं असणार, गाड्या असणार, आणि सगळे त्याला सकाळी उठून बघणार. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

"घे," मी म्हटलं. "आणि सईला सांग, तिला वाद घालायचाय."

तो हसला. मागे कोणीतरी थाईमध्ये घाईने बोलत होतं, गाडी खाली आली असावी. थोरल्याने ठेव म्हटल्याशिवाय तो फोन ठेवत नाही, त्यांच्यात ते बसत नाही. मला ते माहीत आहे. मी त्याला हवापाणी विचारलं, मग बायकोचं विचारलं, मग मुलांचं, आणि ठेव म्हणायला बराच वेळ लावला.